अननसाचं कॅलेंडर बिघडलंय, त्याची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर थंडीत तुमच्या पेपरात आंब्याच्या मोहोराची बातमी येते. मोहोर लवकर आला, उशिरा आला, तुडतुडा पडला, धुक्याने करपला, सगळं येतं आणि यायलाच पाहिजे, कोकणातली निम्मी घरं त्या मोहोरावर चालतात. काजूचंही येतं. पण आमच्या दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा पट्ट्यात डोंगरउतारावर एवढा अननस लागलाय आणि त्याचं फूल कधी आलं, आलं की नाही, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण जमलं तर सगळं छापा.

आमची दोन एकर अननस. जात मॉरिशस, म्हणजे केरळात वाळकुळमला जी लावतात तीच (त्यांच्या त्या अननसाला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय). एकरी साधारण १६ हजार रोपं बसतात. शेजारच्या डोंगरावर एक केरळी काका जमीन कराराने घेऊन गेली कित्येक वर्षं हेच पीक करतात, आम्ही त्यांना चेट्टा म्हणतो, सगळं त्यांच्याकडूनच शिकलो. माझे सासरे सुरुवातीला म्हणायचे, "अननसाक काय लागता? ता कातळार पण येता." आणि खरंच तेव्हा तसं वाटायचं. पाणी कमी लागतं, जांभ्या दगडाच्या भरड जमिनीत येतं, गुरं काटेरी पानाला तोंड लावत नाहीत. (हत्ती लावतो, पण तिलारीच्या हत्तींचा विषय वेगळा, त्यावर परत कधीतरी लिहीन.) त्यामुळे अननस म्हणजे दणकट, त्याला हवामानाचं काही नाही असा समज सगळीकडे पसरलाय, अगदी अधिकाऱ्यांपर्यंत. हा समज चुकीचा आहे. झाड दणकट आहे, फूल दणकट नाही.

ज्यांनी अननस फक्त फोडी करून खाल्लाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. अननसाचं झाड वाढत असतं तेव्हा मधल्या पोंग्यातून, म्हणजे पानांच्या मधल्या गाभ्यातून, एकामागून एक पानं येत राहतात. मग दिवस लहान होतात, रात्री गार पडायला लागतात आणि त्या गारव्याने झाडाच्या आत इथिलीन नावाचा वायू तयार व्हायला लागतो आणि पोंग्यातून पान यायच्या ऐवजी फुलाचा कोंब निघतो. तो कोंब पहिल्यांदा दिसतो तेव्हा पोंग्याची आतली पानं बुडाशी लालबुंद होतात, वरून वाकून बघितलं की चुलीतला निखारा दिसावा तसं दिसतं. आम्ही म्हणतो पोंगा लाल झाला. नंतर त्या कोंबावर छोटी छोटी जांभळी-निळी फुलं खालून वर उमलत जातात, एक फूल एकच दिवस, रोज थोडी थोडी, असं दोन-तीन आठवडे चालतं. फळावरचा प्रत्येक डोळा म्हणजे एक फूल. म्हणजे फूल लागतानाच ठरतं की फळाला किती डोळे येणार, नंतर कितीही खत घाला डोळे वाढत नाहीत. आता विचार करा, एवढं सगळं ज्या गार रात्रींवर अवलंबून आहे त्या रात्रीच गार पडल्या नाहीत तर काय होणार.

सगळी झाडं एकाच वेळी फुलत नाहीत म्हणून आम्ही औषध घालतो. इथेफॉन, बाजारात सगळे इथ्रेल म्हणतात, त्यातून तोच इथिलीन वायू सुटतो. २० लिटर पाण्यात ३९ टक्केवालं औषध फक्त सव्वा मिली, त्यात ४०० ग्रॅम युरिया आणि फक्त ८ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, आणि प्रत्येक झाडाच्या पोंग्यात ५० मिली ओतायचं. झाडाला ३५-४० पानं झाली की हे करतात, मग ४० दिवसांच्या आसपास पोंगा लाल आणि औषध घातल्यापासून साधारण साडेचार-पाच महिन्यांत फळ. यामुळे एका प्लॉटचं फळ एकदम काढता येतं आणि बाजारात कधी न्यायचं तेही आपल्या हातात राहतं. रमजान कधी, उन्हाळा कधी, त्याप्रमाणे उलटं मोजून आम्ही औषधाची तारीख ठरवतो. धुरानेही झाड फुलतं बरं का, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर काचेच्या घरात धूर करून अननस फुलवायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, कारण धुरात पण इथिलीन असतं. चेट्टांनी हे सांगितलं तेव्हा मला आंब्याखाली धूर करणारे आमच्याकडचे जुने लोक आठवले.

तर आता तुम्ही म्हणाल औषध आहे तर मग हवामानाचं काय अडलं. तिथेच तर सगळं अडलंय.

ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट. मार्च-एप्रिलला फळ यावं म्हणून एका एकरात औषध घालायचं ठरवलं. पहाटे साडेपाचला आम्ही चार बायका, प्रत्येकीकडे बादली आणि ५० मिलीचं माप, ओळीने ओतत चाललो, हाताला काटे लागू नयेत म्हणून जुन्या जीन्सच्या पायांच्या बाह्या शिवून घातलेल्या. उन्हं वर यायच्या आत संपवायचं असतं कारण ऊन तापलं की औषधातला वायू झाडात शिरायच्या आधीच उडून जातो. साडेआठपर्यंत अर्ध्याहून जास्त प्लॉट झाला. आभाळ स्वच्छ होतं, मोबाइलवर पण पाऊस दाखवत नव्हता, आणि साडेदहाला तिलारीच्या बाजूने काळं आलं आणि अर्धा तास असा ओतला की सऱ्या भरून वाहिल्या. पोंगा म्हणजे पेलाच असतो, पावसाचं पाणी भरून वरून सांडतं, औषध धुऊन गेलं. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये नवा नाही, मला माहीत आहे, पण पूर्वी तो दुपारनंतर गडगडाट करून यायचा, सकाळचं काम सकाळी व्हायचं, आता कधीही येतो. चेट्टा बांधावरून बघत होते, म्हणाले, पंधरा दिवस थांबा, परत घाला. पण कुठल्या झाडाला लागलं आणि कुठल्या नाही हे कसं कळणार, पोंगा लाल व्हायला सव्वा महिना. सगळ्यांना परत घातलं तर लागलेल्या झाडाला डबल डोस होतो. आम्ही थांबलो.

नोव्हेंबरच्या शेवटी प्लॉटमध्ये फिरले तेव्हा रडूच आलं. एक झाड लाल, त्याच्या शेजारची तीन हिरवी, परत दोन लाल, परत सहा हिरवी. शेवटी हिरव्या झाडांवर फितीचे तुकडे बांधून तेवढ्यांनाच दुसऱ्यांदा औषध घातलं. परिणाम असा की एका एकराचं जे फळ दोन-तीन तोड्यांत निघतं ते मार्चपासून मेअखेरपर्यंत चिंधड्या चिंधड्या निघत राहिलं. व्यापारी गाडी पाठवतो ती भरगच्च माल असला तर, दीड-दोनशे फळांसाठी कोण गाडी पाठवणार, मग ते आम्हीच टेम्पोने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाहीतर बांद्याला नेऊन मिळेल त्या भावाने दिलं.

आणि जे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळे भरायच्या अवस्थेत होतं त्याचं काय झालं ते ऐका. फेब्रुवारी २०२५ हा आपल्या देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी होता, हवामान खात्यानेच सांगितलं, आणि त्या महिन्याच्या शेवटी तर कोकण-गोव्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. फेब्रुवारीत! अननसाचं फळ झाडाच्या डोक्यावर उघडं असतं, आंब्यासारखी त्याला पानांची सावली नाही. ऊन लागतं ते पश्चिमेच्या अंगाला, दुपारचं तिरकं. आधी साल फिकट पिवळी पडते, बघणाऱ्याला वाटतं पिकायला लागलं, मग दोन-चार दिवसांत तिथे तपकिरी डाग, बोटाने दाबलं की आत जातं. कापलं तर आत पांढुरका स्पंज, रस नाही. व्यापारी फळ हातात घेऊन टिचकी मारतो, आवाज आला की कळतं, बाजूला टाकतो. त्यावर उपाय म्हणजे झाकणं. वाळकं गवत घालतो, माडाची झावळं घालतो, पुरलं नाही तर पेपर गुंडाळतो, तुमच्याच पेपरची रद्दी दोन वर्षांची साठवलेली होती ती सगळी त्या आठवड्यात फळांना गुंडाळून संपली. पण १६ हजार झाडं झाकायला माणसं लागतात, एप्रिलमध्ये झाकायची तयारी असते, फेब्रुवारीत कुणाची तयारी नव्हती.

उन्हाने फक्त साल भाजते असं पण नाही. अननस हे कॅक्टससारखं रात्रीचं झाड आहे. दिवसा पानांची सूक्ष्म तोंडं मिटून ठेवतं म्हणजे पाणी उडू नये, आणि रात्री गार झालं की उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आंबट करून साठवतं, दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचीच साखर करतं. म्हणून सकाळी पान चावून बघितलं तर आंबट आणि संध्याकाळी बेचव लागतं (लहानपणी माझ्या मुलाने हा शोध स्वतः लावला होता). आता रात्रच उकाड्याची असली तर ते तोंड उघडून घेणार किती. माझं शिक्षण बारावीपर्यंतच, पण एवढं मला डोळ्यांनी दिसतं की ज्या वर्षी रात्री गरम त्या वर्षी फळाचं वजन भरत नाही. मॉरिशसचं चांगलं फळ सव्वा-दीड किलोचं असतं, त्या वर्षी माझ्या प्लॉटात बरीचशी किलोच्या आत राहिली, आणि किलोच्या आतलं फळ म्हणजे भाव उतरला.

मग मे. २०२५ चा मे कोकणात कुणी विसरणार नाही. केरळात मान्सून २४ मेला पोचला, १ जूनच्या ऐवजी, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे. त्याच्या आधीही चार-पाच दिवस कोसळतच होता. आमचं दुसरं एकर, जे औषधाशिवाय थंडीवरच फुलतं, ते नेमकं तेव्हा पिकत होतं. पिकतानाच्या फळावर सलग पाऊस म्हणजे गोडी उतरते, डोळ्यांच्या मधल्या खाचांत पाणी साचून फळ चिरतं आणि चिरीतून फेसाळ रस गळायला लागतो, माश्या घोंघावतात. तोडलेला माल अंगणात ताडपत्रीखाली, गाड्या बंद, उन्हाळा असा अचानक संपला की सरबतवाले पण माल घेत नाहीत. चिखलात ट्रॅक्टर जाईना म्हणून डोक्यावरून पाट्या काढल्या, मी, माझे मिस्टर आणि ७० वर्षांचे सासरे. निम्मं फळ डोंगरावरच कुजलं.

पाऊस लवकर आला आणि मग थांबलाच नाही, तर पुढच्या पिकाला पण मार बसतो. नवीन रोपं जूनमध्येच पाण्यात बसली आणि पोंगाकूज आली. झाड वरून बरं दिसतं, फक्त मधली पानं जरा फिकी. पोंगा दोन बोटांत धरून हलकेच ओढला की अख्खा हातात येतो, बुडाशी मऊ पांढरट झालेला, आणि असा वास येतो की हात दोनदा धुवावा लागतो. एका सरीच्या खालच्या टोकाला चाळीस झाडं मी सकाळी अशीच उपटली. उतार नीट नसला, चर तुंबला की हे होतं. ते आमचं चुकलं, मान्य आहे, चर मेमध्ये साफ करायचे असतात आणि मे हातात मिळालाच नाही.

सगळंच हवामानावर ढकलायचं नाही मला. आमच्यातही चुका करणारे आहेत, लहान-मोठे फुटवे एकत्र लावतात मग झाडं एकसारखी कशी फुलणार, युरिया एवढा मारतात की झाड माजतं आणि औषधाला दाद देत नाही, एकदा लागलं नाही म्हणून दुप्पट डोस घालतात आणि मग फळाचा तुरा वेडावाकडा येतो. पण चाळीस पानांचं झाड, माप बरोबर, वेळ बरोबर, तरी फूल लागत नाही तेव्हा शेतकऱ्याने आणखी काय करायचं? आणि याच्या उलटही होतं. डिसेंबरमध्ये मध्येच चार-पाच रात्री कडक गारठा पडला तर वीस-बावीस पानांची कोवळी रोपं पण फुलतात. लोकांना वाटतं बरं झालं, लवकर फळ आलं. अहो ते फळ मुठीएवढं येतं, त्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्या झाडाचं वर्ष फुकट जातं.

आता मुद्द्यावर येते. मेच्या नुकसानीनंतर आम्ही आठ-दहा जण एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथले साहेब वाईट बोलले नाहीत, खुर्ची दिली, पाणी दिलं, पण म्हणाले, अननस फळपीक विम्याच्या यादीत नाही, आणि पंचनाम्यात पण आंबा-काजू-सुपारी आधी बघतो, अननस काय, ते टिकाऊ पीक. टिकाऊ! मी पिशवीतून चिरलेलं फळ काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी बघितलं, फोटो काढला, पण पुढे काही झालं नाही.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आपल्याकडे आहे, तिच्यात कोकणातला आंबा आहे, काजू आहे. आंब्यासाठी अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान, वारा, गारपीट असे धोके धरतात आणि महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यावरून भरपाई ठरते. म्हणजे यंत्र आहे, आकडे आहेत, पद्धत आहे. केरळात पीक विम्याच्या यादीत अननस आहे. चेट्टांचा भाऊ तिकडे तेच पीक करतो तर त्याला संरक्षण आणि चेट्टा इकडे करतात तर नाही, पीक तेच, औषध तेच, पाऊस पण तोच अरबी समुद्रावरचा. आमचं मागणं एवढंच की अननसाला त्या यादीत घ्या. आणि घेताना नुसते आंब्याचे आकडे उचलून चिकटवू नका. अननसाचे धोके वेगळे आहेत: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्री गार न पडणं, औषधाच्या हंगामात ऑक्टोबर-नोव्हेंबरला सकाळचा पाऊस, फेब्रुवारी-मार्चमधली उष्णता, आणि मेमध्ये पिकत्या फळावर सलग पाऊस. कुठल्या आकड्याला धोका म्हणायचं ते शास्त्रज्ञांनी ठरवावं. वाळकुळमला केरळ कृषी विद्यापीठाचं फक्त अननसाचं संशोधन केंद्र आहे, आपल्याकडे दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे ज्याने काजूच्या वेंगुर्ला जाती देऊन कोकणाचं नशीब बदललं. जुन्या गाववाल्यांना विचारा, काजू तेव्हा कुंपणाला लावायचं झाड होतं. त्या लोकांनी मनावर घेतलं तर अननसाचं पण होईल.

एक अडचण आहे ती पण लिहिते, लपवण्यात अर्थ नाही. इथला बराच अननस कराराच्या जमिनीवर आहे, सातबारा मालकाचा, पीक दुसऱ्याचं, आणि करार बऱ्याचदा तोंडी किंवा साध्या कागदावर. ई-पीक पाहणीत कुणी अननस लावतंय, कुणी लावत नाही, कुणी काजूच लिहून ठेवतंय. यादीत नाव आलं तरी भरपाई कुणाला हा वाद होणार. म्हणून जमीनमालकांना माझं हात जोडून सांगणं आहे की पीक पाहणीत जे आहे ते लिहा, नाहीतर सरकारी कागदात हा अननस दिसणारच नाही आणि मग तो यादीत घ्या म्हणून सांगायला आपल्याकडे काय राहणार.

आणि विमा मिळेल तेव्हा मिळेल, तोपर्यंत हवामानाचा सल्ला तरी अननसासाठी वेगळा द्या. आठवड्याच्या कृषी सल्ल्यात आंबा, काजू, नारळ, भात असतं. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर एकच ओळ टाकली, "येत्या दोन दिवसांत सकाळचा पाऊस संभवतो, अननसाला संजीवक (म्हणजे फुलाचं औषध) देणं पुढे ढकलावं", तरी माझ्यासारख्यांचं एका एकराचं औषध आणि चार बायकांची मजुरी वाचेल. रात्रीचं किमान तापमान आठवडाभर किती राहणार हे लिहिलं तर तारीख ठरवायला मदत होईल.

चेट्टांनी एक गोष्ट मला शिकवली जी आता आम्ही पाच-सहा घरांनी सुरू केलीय. एक वही. औषध कोणत्या तारखेला घातलं, किती वाजता, नंतर पाऊस कधी पडला, पहिला पोंगा कधी लाल झाला, शंभरातले किती झाले, पहिलं फूल कधी, पहिली तोडणी कधी. चेट्टांच्या जुन्या वहीत थंडीवर फुलणाऱ्या प्लॉटचा पहिला लाल पोंगा डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लिहिलेला दिसतो, माझ्या वहीत गेल्या खेपेला १४ जानेवारी आहे, आणि तो पण सगळ्यात वरच्या, वारा लागणाऱ्या टेपावरचा. खालच्या सखल भागातला त्याहून उशिरा.

दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ आणि गोव्यातल्या सत्तरी-डिचोली बाजूच्या ज्या कुणाकडे अननस आहे त्यांनी आपल्याकडच्या तारखा तुमच्या पेपरकडे कळवाव्यात अशी विनंती आहे, पोस्टकार्डवर लिहिलं तरी चालेल. गाव, जमीन कातळाची की सखल, औषध घातलेलं की नाही, पोंगा लाल झाला ती तारीख. जमलं तर त्या सगळ्या एकत्र छापा. पुढच्या वेळी त्या कार्यालयात जाताना मला चिरलेल्या फळाच्या बरोबरीने तो कागद न्यायचाय.

आपली,
एक अननस बागायतदार
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग